कमी पाण्याचं झाड

‘पाणी कमी लागतं’ आणि ‘पाणी लागत नाही’ ही दोन निरनिराळी वाक्यं आहेत. जन्मभर मराठी शिकवलं म्हणून असेल, पण कोणी ही दोन वाक्यं एकमेकांच्या जागी वापरली की मला वहीत लाल शाईने खूण करावीशी वाटते. नर्सरीत हे होतं, नाशिक हायवेच्या कडेच्या फार्महाऊसांवर होतं, आणि माणसांच्या बाबतीत तर फारच सहज होतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. निमित्त आमच्या अंगणातल्या एका काटेरी झाडाचं.

झाडाचं नाव डिकिया. काही जण डायकिया म्हणतात. (योझेफ झाल्म-डिक नावाचा एक जर्मन सरदार १७७३ ते १८६१ या काळात होऊन गेला. त्याला निवडुंग आणि तसल्या मांसल झाडांचा भारी नाद. त्याच्या नावावरून हे नाव पडलं.) ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी अननसाचं झाड डोळ्यांसमोर आणावं, मग ते आखडून वीतभर उंचीचं करावं, पानं जाड आणि चामड्यासारखी चिवट करावीत आणि कडेला करवतीचे दाते बसवावेत. झालं डिकिया! शेजारची मुलं त्याला ‘करवतीचं झाड’च म्हणतात. पानाची खालची बाजू रुपेरी असते. सावलीत ठेवलं तर झाड हिरवं राहतं, चांगलं कडक ऊन मिळालं की तांबूस तपकिरी होतं.

अननसासारखं दिसतं कारण ते अननसाच्याच कुळातलं आहे. ब्रोमेलियाड म्हणतात या कुळाला. तीन हजारांहून जास्त जाती, आणि पश्चिम आफ्रिकेतली एक सोडली तर झाडून सगळ्यांचं माहेर अमेरिका खंडात. त्यांतले बरेच भाऊबंद दुसऱ्या झाडांच्या फांद्यांवर बसून राहतात आणि पानांच्या बेचक्यात पेल्यासारखं पावसाचं पाणी साठवतात. डिकिया तसलं नाही. ते जमिनीत, बहुतेक वेळा खडकाच्या फटीत, पाय रोवून उभं राहतं. त्याला पेला नाही. जे काही साठवायचं ते पानांच्या मांसात आणि जमिनीलगतच्या जाड खोडात.

आपल्याकडे या कुळातला पहिला पाहुणा म्हणजे अननसच. पोर्तुगीजांनी आणला. अकबराच्या दरबारापर्यंत तो इतक्या लवकर पोचला की ‘आईन-ए-अकबरी’त त्याची नोंद आहे, आणि तिथे त्याला ‘कटहल-ए-सफरी’ म्हटलंय. म्हणजे प्रवासी फणस. कारण काय, तर रोप कुंडीत घालून प्रवासात बरोबर नेता येतं! जहांगीरने तर आग्र्याच्या बागेत दरवर्षी हजारांनी अननस होतात असं आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. तेव्हा ‘परदेशी झाडं कशाला लावता’ असं जे मला विचारतात, त्यांनी आधी अननस खाणं सोडावं. मिरची, बटाटा आणि पेरूही सोडावा. माझं डिकिया निदान कुंपण ओलांडून कुठे जात नाही. रानमोडी आणि घाणेरी या बाहेरून आलेल्या दोघींनी आमच्या डोंगरांचं जे केलंय, ते माहुलीच्या पायथ्याला फिरणाऱ्याला सांगायला नको.

असो. मुद्द्यावर येते.

बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने ठाण्याहून पहिलं रोप आणून दिलं. कुंडीत नर्सरीवाल्याची चिठ्ठी खोचलेली होती: ‘ऊन पाहिजे. पाणी नको.’ भाचा म्हणाला, “मावशी, तुमच्या शहापूरला हेच झाड बरोबर आहे. पाणीबिणी काही लागत नाही.” मला चिठ्ठी वाचून ठरवायची सवय नाही, पोर बघून ठरवायची सवय आहे. वर्षभरात झाडाला दोन पिल्लं आली. ती वेगळी करून मी दोन सारख्या कुंड्यांत लावली, माती एकच, ऊन एकच. एकीला फेब्रुवारी ते मे दर चौथ्या दिवशी भरपूर पाणी, तांदूळ-डाळ धुतलेलं. दुसरीला तीन आठवड्यांतून एकदा. पावसाळ्यात दोन्ही उघड्यावर.

दोन वर्षांनी पहिली कुंडी भरून गेली होती. तिला स्वतःची पाच पिल्लं झाली होती आणि माघ-फाल्गुनात फुलांचा दांडा आला. दुसरी मुठीएवढी. पानांची टोकं वाळलेली, खालची पानं गवताच्या काडीसारखी, आणि जी हिरवी उरली होती ती आत वळून घट्ट मिटलेली.

पण मेली नाही बरं का. दोन्ही जगल्या. सगळा घोटाळा तिथेच आहे. दुसरी कुंडी मेली असती तर चिठ्ठी चुकीची आहे हे कोणालाही कळलं असतं. ती जगली, म्हणून चिठ्ठी बरोबर ठरली.

हे झाड कमी पाण्यावर जगतं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि त्या उघड्या दारातून पाण्याची वाफ बाहेर जाते. डिकिया, अननस, निवडुंग, घायपात ही मंडळी दिवसा दारं बंद ठेवतात. रात्री, हवा गार झाल्यावर, छिद्रं उघडतात, वायू आत घेतात आणि आम्लाच्या रूपात पानात साठवून ठेवतात. सकाळी ऊन आलं की दार लावायचं आणि साठवलेल्यावर दिवसभर स्वयंपाक करायचा. याचा एक सुगावा आपल्याच देशात लागला होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बेंजामिन हेन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने लिहून ठेवलं की पानफुटीचं पान सकाळी चाखलं तर आंबट लागतं आणि दुपारपर्यंत बेचव होतं. रात्रभर साठलेलं आम्ल दिवसा खर्च होतं, म्हणून. (वर्गात ही गोष्ट मी दरवर्षी सांगायची. पान चाखायला मात्र कोणाला दिलं नाही, पानफुटी जनावरांना बाधते.)

पण या काटकसरीची किंमत असते. साठवायला जागा किती, तर पानात मावेल तेवढी. तेवढ्याच भांडवलावर दिवस काढायचा. त्यात पाणीही तुटलं की झाड रात्रीही दार उघडत नाही. बाहेरून काही घेत नाही, आतलंच फिरवून फिरवून वापरतं. जगतं, पण वाढत नाही. फुलत नाही. पिल्लं देत नाही. आपण बाहेरून बघतो आणि म्हणतो, वा, काय काटक झाड आहे!

‘काटक’ हा शब्द मला पूर्वी आवडायचा. हल्ली तो कोण कोणाबद्दल वापरतंय हे मी आधी बघते.

माझी पहिली अकरा वर्षं मुरबाड तालुक्यातल्या एका शाळेत गेली. मुलं बरीचशी ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळ्यांची. जून ते जानेवारी हजेरीपटावर मुली असायच्या. फेब्रुवारीच्या शेवटापासून एकेक नाव गळायला लागायचं. मार्चमध्ये मी हजेरी घ्यायची तेव्हा मुलगे ओळीने ‘हजर बाई’ म्हणायचे आणि मुलींच्या नावांपाशी शांतता. पाड्यावरची विहीर आटलेली असायची. मग ओढ्याच्या पात्रात हातभर डवरा खणायचा, त्यात वाटी-वाटीने पाणी झिरपतं, ते कळशीत भरायचं आणि चुंबळीवर हंडा ठेवून चढ चढायचा. आईबरोबर मोठी मुलगी जायची. तिच्याहून धाकटी घरातली लहान भावंडं सांभाळायला राहायची. म्हणजे एका हंड्यामागे पटावरच्या दोन मुली.

तपासणीला येणारे एक साहेब मला म्हणाले होते, “बाई, तुम्ही शहरी विचार करता. ही माणसं काटक असतात. त्यांना सवय असते.” त्यांचं नाव सांगत नाही. माणूस वाईट नव्हता, हे वाक्य चांगली माणसंही बोलतात. आमच्याकडे विकेंडला राहायला येणारे पाहुणे बोलतात. एप्रिलमध्ये डोक्यावर तीन भांडी घेऊन चालणाऱ्या बायांचे फोटो काढतात आणि कौतुकाने म्हणतात, काय स्टॅमिना आहे! नंतर हिरवळीवर पाणी मारायला मोटर चालू करतात. त्या हिरवळीच्या कडेला दगडगोटे पसरून एखादं डिकिया किंवा घायपात लावलेलंही असतं, ‘लो मेंटेनन्स’ म्हणून.

सवय ही कोणाची गुणवत्ता आहे आणि कोणाची सोय आहे, हे तपासायला नको का?

आता जरा आकडे. मुंबईला सात तलावांतून पाणी मिळतं, त्यांचा एकूण उपयुक्त साठा सुमारे १४.५ लाख दशलक्ष लिटर. त्यातला जवळजवळ निम्मा एकट्या भातसाचा, आणि भातसा आमच्या शहापूर तालुक्यात. तानसाही शहापूर तालुक्यातच, ते तर १८९२ सालापासून मुंबईची तहान भागवतंय. वैतरणेवरच्या धरणांपैकी मोडक सागर १९५७ चं, मध्य वैतरणा २०१४ चं, तेही याच डोंगरांच्या आसपास. मुरबाडच्या बाजूला बारवी, ते औद्योगिक वसाहतींना आणि बदलापूर-अंबरनाथ-कल्याणच्या पट्ट्याला पाणी देतं. आमच्याकडे पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, कधी त्याहून जास्त. त्यामुळे हा दुष्काळी तालुका नव्हे. माण-खटावच्या माणसाने इथला जुलै पाहिला तर तो आम्हाला हसेल. आणि तरीही दर उन्हाळ्यात ठाणे जिल्ह्याच्या टँकरच्या यादीत शहापूर आणि मुरबाड हीच नावं पुढे असतात. टँकर येतो, विहिरीत रिकामा होतो आणि ओतलेलं पाणी बाया दोराने पुन्हा वर ओढतात. अलीकडच्या वर्षांत पाड्यांवर नळ आले. काही नळांना पाणी आलं, काही नुसतेच उभे आहेत.

मुंबईने पाणी पिऊ नये असं मी म्हणत नाही. माझी मुलगी मुलुंडला राहते, तिच्या घरी भातसाचंच पाणी येतं आणि मी गेले की तेच पिते. दीड कोट माणसांच्या शहराला पाणी लागणारच. माझं म्हणणं एवढंच आहे की वाटप करताना ‘यांचं कमी पाण्यात भागतं’ हे गृहीत धरून वाटप झालं. मोठ्या जलवाहिनीच्या अगदी अंगाला लागून असलेल्या पाड्यावरची बाई ओढ्यात डवरा खणते, याला भूगोल जबाबदार नाही. फेब्रुवारीत कुठल्या विहिरी आटणार हे प्रत्येक ग्रामसेवकाला तोंडपाठ असतं. दरवर्षी त्याच विहिरी आटतात. मग टँकरचे प्रस्ताव दरवर्षी नव्याने आश्चर्य वाटल्यासारखे का फिरतात? धरण गावाच्या उशाशी आहे, तर पहिली वाटी गावाला का नाही? पाहुणा कितीही मोठा असला तरी घरातलं लहान मूल उपाशी ठेवून त्याला कोणी वाढत नाही.

माझा मुलगा म्हणतो, “आई, झाडाचं झाडाशी ठेव. माणसांना झाडाची उपमा देऊन राजकारण कशाला?” त्याचं एक बरोबर आहे, माणूस म्हणजे कुंडीतलं रोप नव्हे. झाड बोलत नाही; या बाया बोलतात, मोर्चे काढतात, तहसील कचेरीसमोर हंडे वाजवतात. पण उपमा मी सुरू केली नाही. ‘काटक’, ‘चिवट’, ‘कशावरही तगणारी’ हे सगळे शब्द बाहेरच्यांनीच आधी दिलेत. मी फक्त त्या झाडाला खरोखर काय लागतं ते बघून आले.

आणि या झाडाच्या माहेराची गोष्ट कळल्यावर तर मला उपमा सोडवेना.

डिकियाच्या बहुतेक जाती ब्राझीलच्या, थोड्या शेजारच्या देशांतल्या. त्यातल्या काही जाती नदीकाठच्या खडकांवरच वाढतात, तेही जिथे पाण्याला ओढ आहे तिथे. माझ्याकडचं झाड बहुधा ब्रेव्हिफोलिया जातीचं असावं, ते दक्षिण ब्राझीलमधल्या अशाच नदीकाठचं. पूर आला की झाड पूर्ण पाण्याखाली जातं. खवळलेलं पाणी दगडगोटे घेऊन अंगावरून वाहतं आणि झाड मुळांनी खडक धरून राहतं. पूर ओसरला की तोच खडक उन्हात तव्यासारखा तापतो. आमच्या काळू नदीच्या किंवा भातसेच्या पात्रातले कातळ ज्यांनी जुलैत आणि मेमध्ये पाहिलेत, त्यांना हे चित्र लगेच कळेल. चिठ्ठी लिहिणाऱ्याला जे झाड वाळवंटातलं वाटलं, ते नदीचं लेकरू आहे!

याच्याच जवळची एक जात आहे, डिकिया डिस्टाकिया. ती उरुग्वाय नदीच्या खोऱ्यात, असल्याच खडकांवर वाढायची. मग त्या खोऱ्यात विजेसाठी एकामागून एक धरणं झाली. २००० साली इटा, २००२ साली माशादिन्यू, २००५ साली बार्रा ग्रांदे. वाहतं पाणी थांबलं, खडक कायमचे तळाशी गेले. काही दिवस बुडून राहणं या झाडाला जमतं. कायम बुडून राहणं कोणाला जमेल? त्या नदीकाठच्या वस्त्या एकेक करत संपल्या. पाणी चढण्याआधी थोडी झाडं उचलून नेली होती, ती अभ्यासकांनी जपली आणि दुसऱ्या नदीकाठांवर नेऊन लावायचे प्रयोग केले. ते काम सोपं गेलं नाही. प्रत्येक जागी ते रुजेलच असं नाही. त्याला नुसता खडक पुरत नाही, त्याला चढणारं-उतरणारं पाणी लागतं.

त्या बार्रा ग्रांदे धरणाची आणखी एक गोष्ट जगभर गाजली. परवानगीसाठी जो पर्यावरणाचा अहवाल दिला, त्यात बुडणारं जंगल किरकोळ असल्यासारखं दाखवलं होतं. धरणाची भिंत उभी राहिल्यावर उघड झालं की तिथे ब्राझीलच्या सूचिपर्णी वृक्षांचं सुमारे सहा हजार हेक्टर मोलाचं जंगल आहे. मग म्हणाले, आता भिंत झालीच आहे.

हे वाचताना मुरबाडकरांना काही आठवलं असेल. काळू नदीवरच्या धरणाचं काम आमच्याकडे वनखात्याच्या आवश्यक परवानग्या हातात नसतानाच सुरू झालं होतं. २०१२ साली उच्च न्यायालयाने ते थांबवलं. तिथल्या आदिवासींनी आणि त्यांच्या संघटनेने कोर्टाची पायरी चढली म्हणून थांबलं. पण धरणाचा विषय संपलेला नाही, दर दोन-चार वर्षांनी तो डोकं वर काढतोच. शहरं वाढताहेत, पाणी लागणार, हे खरंच आहे. तेव्हा पुन्हा कोणीतरी सांगेल की थोडीच गावं आहेत, माणसं काटक आहेत, दुसरीकडे नेऊन वसवू. वसवलेल्या माणसाला नुसता सातबारा पुरत नाही. त्याला नदी लागते, वरकस जमिनीवर नाचणी-वरी लागते, रान लागतं, बाजाराचा दिवस लागतो, म्हशाची जत्रा चालत गाठता येईल एवढ्या अंतरावर लागते. बारवीमुळे उठलेल्या गावांतली पोरं माझ्या वर्गात होती. जुन्या गावाचं नाव ती पत्त्यात लिहायची, जिथे आता पाणी आहे.

बरंच झालं. आता ज्यांना खरोखर झाडाबद्दल विचारायचं होतं त्यांच्यासाठी लिहिते. (सूनबाई म्हणते, तुमच्या लेखात बागकाम शोधावं लागतं.)

माती निचऱ्याची हवी. मी निम्मा मुरूम, पाव भाग विटांचे तुकडे आणि जाड रेती, पाव भाग कुजलेलं शेणखत घेते. काळी माती नको, ती पावसाळ्यात चिकट होऊन मुळं कुजवते. कुंडीच्या तळाचं भोक बुजलेलं नाही हे मे महिन्यात बघून ठेवावं. एवढं असेल तर आमचा आषाढसुद्धा हे झाड उघड्यावर आनंदाने झेलतं. पावसात घरात आणून ठेवायची काही गरज नाही, उलट पावसाच्या चार महिन्यांत ते सगळ्यात जास्त वाढतं. ऊन दिवसभराचं द्यावं. उन्हाळ्यात चार-पाच दिवसांनी, पण तळातून निघेपर्यंत पाणी द्यावं. रोज चमचाभर शिंपडण्याने काही होत नाही. थंडीत आठ-दहा दिवसांनी पुरे. पानं आत मिटायला लागली की ते मागतंय असं समजावं.

खरा त्रास काट्यांचा. काटे आकड्यासारखे असतात, हात सहज आत जातो आणि बाहेर येताना अडकतो. म्हणून पानांच्या बेचक्यात उगवणारं गवत लहान असतानाच चिमट्याने उपटावं. वाढलं तर मग ते काढणं म्हणजे शिक्षा आहे. मी वरून बारीक खडी पसरते, त्याने गवत बरंच कमी होतं. अंगण झाडायला येणारी आमची ठाकूरवाडीतली बाई या कुंड्यांना लांबून पाणी घालते. मी तिला एकदा सांगितलं की नर्सरीवाला याला पाणी नको म्हणत होता. ती म्हणाली, “नको कसं? दिलं तं पितंय ना ते.”

फूल माघापासून चैत्रापर्यंत कधीतरी येतं. शेंदरी-पिवळ्या लहान फुलांचा उंच दांडा, आणि गंमत म्हणजे तो मधून न येता बाजूने येतो. त्यामुळे फुलून गेलं तरी झाड मरत नाही. घायपात आयुष्यात एकदाच फुलते आणि संपते, अननसाचं मूळ झाडही फळ देऊन आटोपतं. हे मात्र दरवर्षी फुलू शकतं. शिंजीर पक्ष्याची जोडी सकाळी दांड्यावर हजर असते, मुंग्या तर दिवसभर.

पिल्लं वेगळी करायला पहिल्या दोन-चार सरी पडून गेल्यावरचे दिवस उत्तम. झाड पोत्यात गुंडाळून आडवं करावं आणि जाड सुरीने जोड कापावा, प्रत्येक पिल्लाला थोडं मूळ राहील असं बघावं. कापलेला भाग दोन दिवस सावलीत सुकू द्यावा, मग लावावं.

यंदा नऊ पिल्लं निघतील असं दिसतंय. दोन मुलुंडला जाणार, एक भाच्याला, एक आमच्या बाईने मागितलंय, तिच्या झोपडीच्या कुंपणाशी कोंबड्यांना अडवायला. उरलेली पाच ज्यांना हवीत त्यांनी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात यावं. येताना जाडं पोतं आणावं. प्रत्येक पिल्लाबरोबर चिठ्ठी मी माझ्या अक्षरात लिहून देईन.